गाऱ्हाणे वेगळे, कुरकुर वेगळी

दुबार पेरणीची वेळ आली की आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून बायबलमधले एक वचन हमखास ऐकू येते: जे काही कराल ते कुरकुर न करता करा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले हे चौदावे वचन खरे आहे आणि पाळण्याजोगेही आहे. मात्र ज्याला ते ऐकवले जाते तो माणूस बहुतेक वेळा कुरकुर करतच नसतो, तो देवापुढे आपले गाऱ्हाणे मांडत असतो. प्रेषित पौलाने हे वचन लिहिले ते एकमेकांशी नीट वागावे म्हणून. बियाण्याचे पैसे बुडालेल्या माणसाचे प्रार्थनेतले तोंड बंद करावे म्हणून नव्हे. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या देवाला कळवा, आणि हे वचन मात्र त्या माणसाला कोणी ऐकवत नाही.

कुरकुर म्हणजे काय हे मंडळीत वाढलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. मिसरातून म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले लोक, अरण्य, मांसाच्या भांड्यांची आठवण, देवाने रोज दिलेल्या मान्ना या अन्नाचा कंटाळा आणि त्यावर आलेला देवाचा कोप हे सारे शब्बाथ शाळेपासून आपल्या कानांवर आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने त्याच लोकांचे उदाहरण देऊन इशारा दिला आहे, हेही ठाऊक असते. अडचण कुरकुर ओळखण्याची नाही. जे कुरकुरीसारखे ऐकू येते पण कुरकुर नसते, ते ओळखण्याची आहे.

काही फरक लोक मोठ्या हिरिरीने सांगतात, ते आधीच बाजूला ठेवतो. रडणे की न रडणे, मोठ्याने की हळू, चारचौघांत की एकांतात, थोडक्यात की तासभर, यांपैकी कशावरूनही काही ठरत नाही. स्तोत्रसंहितेतली सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे दुःखाची आणि तक्रारीची आहेत. त्यांत हुंदके आहेत, ओरडणे आहे, रात्रभर अंथरूण भिजवणे आहे, आणि त्यांतली कित्येक स्तोत्रे मंदिरात सर्वांनी मिळून गायची होती.

शब्द किती कडू आहेत यावरून तरी फरक कळावा, असे बहुतेकांना वाटते, आणि सारे घोडे येथेच अडते. जो जपून बोलतो तो विश्वासू आणि ज्याच्या तोंडून कडू शब्द निघाला तो अविश्वासू, असा हिशेब आपण मांडून बसलो आहोत. गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय हा हिशेब पार मोडून टाकतो, आणि तरीही तो अध्याय केवळ लोकांच्या पापाचा म्हणून वाचला जातो याचे मला फार वाईट वाटते.

त्या अध्यायात तक्रारी दोन आहेत. पहिली लोकांची. आम्हांला मांस कोण देईल, मिसरात मासे फुकट मिळत, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण मिळत, आता डोळ्यांपुढे या मान्न्याशिवाय काही नाही, असे म्हणत प्रत्येक कुटुंब आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसले. शब्द पाहिले तर यात भयंकर असे काहीच नाही. खाण्यापिण्याची आठवण आहे आणि कंटाळा आहे. दुसरी तक्रार त्यांचा पुढारी मोशे याची. तो देवाला विचारतो की तू आपल्या सेवकाचे असे वाईट का केलेस, या सगळ्या लोकांना मी पोटात वाढवले होते काय, मी त्यांना जन्म दिला काय, म्हणून तू मला सांगतोस की तान्ह्याला दाई उराशी धरते तसे यांना घेऊन चल. हा भार मला एकट्याला पेलवत नाही, आणि तू माझ्याशी असेच वागणार असशील तर मला मारून टाक. दोन्ही तक्रारी शेजारी ठेवून कोणालाही विचारावे की अधिक कठोर कोणाची. मोशेची, यात शंकाच नाही. लोकांनी जेवणाबद्दल रडगाणे गायले, तर मोशेने देवाच्या वागण्यालाच प्रश्न केला आणि वर मरण मागितले.

आणि देवाने काय केले? मोशेवर तो संतापला नाही. लोकांतले सत्तर वडीलधारे गोळा कर, तुझ्यावर असलेल्या आत्म्यातून काही घेऊन मी त्यांच्यावर ठेवीन, म्हणजे हा भार तुला एकट्याला वाहावा लागणार नाही, असे त्याने सांगितले. मोशेने जी अडचण मांडली तिचीच सोय झाली. पुढे सहा लाख पायदळाला मांस पुरणार कसे, अशी शंकाही मोशेने काढली आणि परमेश्वराचा हात तोकडा झाला काय, एवढेच त्याला ऐकावे लागले. लोकांना लावे पक्षी मिळाले, पण त्यांच्यावर भारी मरीही आली.

फरक शब्दांच्या धारेत नव्हता, तर तो कुठे होता? अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले सत्ताविसावे वचन ते उघड करते. कनान देशाच्या उंबरठ्यावरचा प्रसंग आठवून मोशे लोकांना म्हणतो की तुम्ही आपापल्या तंबूंत कुरकुर केली आणि म्हणालात, परमेश्वर आमचा द्वेष करतो म्हणून त्याने आम्हांला मिसरातून बाहेर काढले. लोक तंबूत बोलत होते, देवाशी नव्हे तर देवाविषयी. आणि बोलण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला होता की तो आपला वैरी आहे. निकाल लागल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. म्हणून गणनाच्या चौदाव्या अध्यायात त्यांची पुढची पायरी दिसते: आपण एक पुढारी नेमू आणि मिसरात परत जाऊ. मोशेने देवाला जे विचारले त्यात निकाल नव्हता. तूच हे लोक माझ्या पदरात घातलेस, आता तूच सांग, असा त्याचा रोख होता, आणि उत्तर येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

अतिवृष्टीने शेत गेल्यावर तहसीलमध्ये अर्ज घेऊन जाणारा, पंचनामा का झाला नाही म्हणून टेबलासमोर उभा राहून भांडणारा शेतकरी आणि चहाच्या टपरीवर बसून तिथे काही होत नसते असे सांगणारा शेतकरी यांच्यात जे अंतर आहे तेच हे अंतर. भांडणाऱ्याचा आवाज चढलेला असेल, पण इथून काहीतरी होऊ शकते हे त्याने धरून ठेवले आहे.

येथे एक दुसरी चूक होण्याचा संभव आहे, म्हणून नामीचा दाखला पाहावा लागतो. देवाशी बोलला तर गाऱ्हाणे आणि माणसांशी बोलला तर कुरकुर, असा सरळसोट नियम केला तर नामी दोषी ठरेल. दुष्काळामुळे मवाब देशात गेलेली, तेथे नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली ही बाई बेथलेहेमात परतल्यावर गावातल्या बायांना सांगते की मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले. हे ती देवाला नव्हे, गावाला सांगते आहे. तरीही रूथच्या संपूर्ण पुस्तकात तिला कोणी दटावत नाही. कारण तिची पावले पाहा: मवाबाकडे पाठ करून ती देवाच्या लोकांत परत आली आहे. अरण्यातल्या लोकांची तोंडे मिसराकडे होती, नामीचे तोंड बेथलेहेमाकडे होते. मला विचाराल तर कानांपेक्षा पायांवर लक्ष ठेवावे. माणूस काय बोलतो त्यापेक्षा बोलून झाल्यावर तो कुठे जातो यावरून अधिक कळते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली घरसभा माझ्या डोळ्यांपुढे आहे. जुलै महिना सरत आला होता. एका काकूंचे सोयाबीन पावसाने दडी मारल्यामुळे करपले होते. उसनवारी करून त्यांनी पुन्हा बियाणे आणले, तर झडीने सारे वावर चिबडून गेले. प्रार्थनेची पाळी आल्यावर त्या डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, दोन खेपा पेरलं, दोन्ही खेपा गेलं. पोराच्या फीचे पैसेही त्यातच गेले. तू पाहून रायला का नाही, सांग मले." आमेन होताच एका वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावले, "काकू, असं नोका बोलू. देवासमोर कुरकुर केली का आशीर्वाद अडते." काकूंनी मान हलवली, आणि पुढच्या सभेत त्यांनी सर्वजण म्हणतात ती ठरावीक उपकारस्तुती म्हटली.

त्या वडिलांचा हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. एली याजकाचाही वाईट नव्हता. हन्ना मंदिरात मन मोकळे करून रडत होती, तेव्हा तिचे ओठ हलताना पाहून एलीने तिला प्यायलेली ठरवले. तिने सांगितले की मी परमेश्वरापुढे आपला जीव ओतते आहे, आणि ते ऐकताच एलीने आपला शब्द फिरवून तिला शांतीने जा असे म्हटले. आमच्या मंडळ्यांमधल्या वडिलांनी एलीचे हे शेवटचे वागणे घ्यावे. कुरकुरीचा खरा धोका आहे तो त्या काकूंना गप्प बसवण्यात, कारण देवापुढे जे बोलू दिले जात नाही ते विहिरीवर आणि बांधावर बोलले जाते, आणि तिथे ते गाऱ्हाणे राहत नाही. जो देवाशी भांडतो त्याची मला काळजी वाटत नाही. ज्याने देवाशी बोलणेच सोडले आणि जो सगळ्यांना "सगळं ठीक आहे" म्हणतो, त्याच्या घरी मात्र त्याच संध्याकाळी जावे.

या गोंधळाला आमची वचने निवडण्याची पद्धत कारण आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तसे वर्ष आले की हबक्कूकचा तिसरा अध्याय उघडला जातो: अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. वचन उत्तमच आहे, पण ते सांगणाऱ्या संदेष्ट्याने पहिल्या अध्यायाची सुरुवात कशी केली? हे परमेश्वरा, मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? पहिला अध्याय गाळून तिसरा वाचणे म्हणजे पेरणी, निंदण, डवरणी काहीच न करता वेचणीला जाणे होय. विलापगीताचेही असेच होते. तिसऱ्या अध्यायातली दया रोज सकाळी नवी होते ही वचने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर छापली जातात. पण त्याच अध्यायाच्या आठव्या वचनात तो माणूस म्हणतो की मी धावा केला तरी त्याने माझी प्रार्थना अडवून धरली, ते कोणी छापत नाही.

याहून अधिक मला खटकते ते मुलेबाळे आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे वचन दुसऱ्यांच्या तोंडी घालणे. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, असे ईयोब स्वतःविषयी बोलला. ते तेराव्यालाही न थांबता शेजाऱ्याने एखाद्या विधवेला ऐकवावे यासाठी नाही. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. त्याच्या सांत्वनाला आलेल्या मित्रांनी मात्र अतिशय शुद्ध आणि जपून केलेली भाषणे दिली. शेवटी देवाने ईयोबालाही वादळातून चार गोष्टी ऐकवल्या हे खरे, पण बेचाळिसाव्या अध्यायात कोप झाला तो मित्रांवर: माझा सेवक ईयोब याच्यासारखे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. त्या मित्रांचे एकच काम चांगले होते, सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले.

भरवसा कसा दिसतो ते पाहायचे असेल तर तेरावे स्तोत्र पाहावे. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर" असे चार वेळा विचारले आहे, मधल्या दोनांत मागणे आहे आणि शेवटच्या दोनांत दयेवरचा भरवसा आहे. विचारणे आणि भरवसा यांच्यामध्ये भिंत नाही. पण प्रत्येक गाऱ्हाण्याचा शेवट असा गोड व्हावा, ही अपेक्षाही चुकीची आहे, कारण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ते अंधारात संपते, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ते देवालाच उद्देशून आहे. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आपल्या मुखी घेतली, त्याला कुरकुर म्हणण्याची कोणाची छाती होईल?

गाऱ्हाणे भरकटू शकते, हेही शास्त्र लपवत नाही. यिर्मया संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात देवाला म्हणतो की तू मला फसव्या ओढ्यासारखा झालास काय, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यासारखा. त्यावर देव त्याला सांगतो की तू वळशील तर मी तुला परत माझ्यापुढे उभा करीन. तो त्याला वळायला सांगतो, पण गप्प बसायला सांगत नाही. आणि हे स्वतः देव यिर्मयाला सांगतो, शेजारी नव्हे. विसाव्या अध्यायात यिर्मया पुन्हा तितक्याच मोकळेपणाने बोलतो.

म्हणून पावसाळ्यातल्या घरसभांसाठी माझी सूचना अशी आहे की सुरुवातीला तेरावे, सत्त्याहत्तरावे किंवा एकशे बेचाळिसावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. यांतल्या शेवटच्यात दावीद सरळच म्हणतो की मी त्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे ओततो. मग ज्याचे वावर गेले असेल त्याला सर्वांच्या आधी प्रार्थना करू द्यावी, त्याच्या बोलीत, त्याला लागेल तितका वेळ. तो आमेन म्हणाल्यावर कोणीही त्याला दुरुस्त करू नये. ज्या घरी कोणाची माती झाली असेल तिथे अठ्ठ्याऐंशीवे पूर्ण वाचावे आणि त्याला दुसऱ्या स्तोत्राचा गोड शेवट जोडू नये. हबक्कूक वाचायचा असेल तर पहिल्या अध्यायापासून वाचावा. तिन्ही अध्याय मिळून छप्पन्न वचने आहेत, एका बैठकीत सहज होतात.