नऊ वेळा चौकशी, तरीही मोकळा

1975 ते 1980 या काळात उत्तर इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने 13 स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी त्याच काळात त्याची नऊ वेळा चौकशी केली आणि दरवेळी त्याला जाऊ दिलं. पोलीस हातावर हात धरून बसले होते असं मुळीच नाही. उलट, लीड्समधल्या मिलगार्थ ठाण्याच्या तपास कक्षात कागदांचा नुसता डोंगर साचला होता.

तिथली पद्धत कार्डांची. जबाबातून नावं, गाड्या, पत्ते काढायचे, प्रत्येकाचं कार्ड करायचं आणि ते ठरलेल्या ड्रॉवरमध्ये लावायचं. पण जबाब भराभर येत होते आणि लिहिणारे हात तेवढेच, त्यामुळे थकबाकी वाढतच गेली. 1977 मध्ये एका मृत स्त्रीच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट सापडली. नंबरवरून पोलीस बँकेपर्यंत आणि तिथून पगार वाटणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोचले. त्यांतल्याच एका कंपनीत सटक्लिफ ट्रक चालवायचा. दुसरीकडे, पाळतीखालच्या वस्त्यांमध्ये त्याची गाडी वारंवार टिपली जात होती. मात्र नोटेची यादी वेगळी, गाड्यांची वेगळी. दोन्हींत असलेला माणूस शोधायचा तर एकीतलं एकेक नाव दुसरीत बघत बसायला हवं. अशा दहा याद्या असल्या तर ताडायच्या जोड्या होतात 45. हे काम हाताने कोण करणार?

खरी गोम मात्र पुढे आहे. जुलै 1979 मध्ये दोन डिटेक्टिव्ह सटक्लिफच्या घरी गेले. आधीच्या भेटींची पूर्ण माहिती त्यांच्याकडे नव्हती, तरी त्यांच्यातल्या एकाला हा माणूस खटकला. हल्ल्यांतून बचावलेल्या स्त्रियांनी सांगितलेल्या वर्णनाशी चेहरा जुळत होता. त्याने तसा अहवाल दिला. अनेक महिन्यांनी त्यावर शेरा पडला: फाइल करा. कारण वरिष्ठांकडे खुनी म्हणवणाऱ्याची एक टेप आली होती आणि त्यातली बोली ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलँडकडची होती. सटक्लिफ बोलायचा यॉर्कशरचं. बोली जुळत नाही, मग माणूस यादीतून बाद! साहेबांनी ठरवलेल्या निकषावर कनिष्ठाने शंका घ्यायची तरी कुठे, याची सोयच नव्हती.

जानेवारी 1981 मध्ये शेफिल्डला तो सापडला, तोही गाडीच्या बनावट नंबरप्लेटमुळे. पकडणारा सार्जंट दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आला, तेव्हा त्या माणसाची चौकशी अजून चालूच असल्याचं त्याला समजलं. आदल्या रात्री सटक्लिफ लघवीच्या निमित्ताने आडोशाला गेला होता, हे आठवून सार्जंट तिथे परत गेला. हातोडा आणि सुरी मिळाली.

या तपासाच्या सरकारी चौकशीत ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर, 1980च्या दशकाच्या मध्यात ब्रिटिश पोलिसांनी ‘होम्स’ ही संगणक प्रणाली आणली. याद्या ताडणं आता यंत्राकडे गेलं. पण बोलीचा निकष दिला असता, तर त्या यंत्रानेही सटक्लिफला इमानेइतबारे वगळलं असतं. टेपमधला आवाज कोणाचा, हे 2005 मध्ये पाकिटावरच्या लाळेतल्या डीएनएवरून उघड झालं. तो संडरलँडचाच एक माणूस होता, आणि खुनांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.