डाकोटाचं हाडपेर

1941 साली चीनमधल्या सुईफू इथे जमिनीवर उभ्या असलेल्या एका डीसी-3 विमानाचा, म्हणजेच डाकोटाचा, उजवा पंख जपानी बॉम्बहल्ल्यात निकामी झाला. तसाच दुसरा पंख मिळेना. हाँगकाँगला थोरल्या भावंडाचा, म्हणजे डीसी-2 चा, एक पंख होता. तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून सुईफूला आणला आणि जोडून टाकला. हा पंख मूळच्यापेक्षा पाच फुटांनी आखूड! तरी विमान हाँगकाँगपर्यंत उडत गेलं. लोकांनी त्याचं बारसं केलं, 'डीसी-अडीच'.

हे जमलं ते हाडपेरामुळे. पंखाचा बाहेरचा भाग मधल्या भागाला ओळीनं बोल्ट लावून जोडलेला असतो, त्यामुळे तो सुटा करता येतो. शिवाय पंखात एकच जाड तुळई नाही. तीन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया, आणि वरचा पत्रा मिळून भार वाटून घेतात. एका जागी ताण साचला नाही की धातू लवकर थकत नाही. दुसरं म्हणजे या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब भरत नाहीत. दाबाच्या केबिनचं विमान दर उड्डाणाला फुगतं आणि परत बसतं. 1954 मध्ये दोन 'कॉमेट' जेट विमानं हवेतच फुटली, ती या थकव्यानं. डाकोटा मात्र आपली खालून, हळू जाते. मला वाटतं, तिच्या दीर्घायुष्याचं अर्धं श्रेय या मागासलेपणालाच आहे.

पहिलं उड्डाण 17 डिसेंबर 1935 चं, कॅलिफोर्नियातलं. तेव्हा ती चैनीची गाडी होती: दिवसा 21 खुर्च्या, नाहीतर रात्री 14 जणांना झोपायची सोय. युद्ध आलं तशी विमानाच्या आतली जमीन मजबूत केली, मालासाठी रुंद दार बसवलं आणि सी-47 या नावानं दहा हजारांवर विमानं बांधली गेली. 'डाकोटा' हे ब्रिटिशांनी दिलेलं नाव. नॉर्मंडीत छत्रीधारी सैनिक उतरवणं, 1948 मध्ये वेढलेल्या बर्लिनला रसद पोचवणं, सगळीकडे हीच.

आपल्याकडे 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी 1 शीख बटालियनचे जवान घेऊन डाकोटा श्रीनगरला उतरल्या. पुढे तर तिच्या दारातून हातांनी बॉम्बही ढकलले गेले! पण खरी कसोटी लेहची. 24 मे 1948 ला एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन तिथल्या कच्च्या धावपट्टीवर उतरले. ही धावपट्टी सोनम नोर्बू या अभियंत्यानं तयार करवून घेतली होती. उंची सुमारे 3,200 मीटर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. पंखाला तेवढीच उचल मिळवायची तर विमानाला साधारण सहाव्या हिश्शानं जास्त वेग हवा. वेगमापक समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो, म्हणून त्याचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण चाकं जमिनीला टेकतात ती बरीच जोरात.

श्रीनगरच्या त्या पहिल्या डाकोटाचा व्हीपी 905 हा क्रमांक आज 'परशुराम' नावाच्या विमानावर आहे. भंगारातून उचलून दुरुस्त केलेलं हे विमान एप्रिल 2018 मध्ये इंग्लंडहून मुक्काम करत करत उडत भारतात आलं.

अशा विमानाचं इंजिन थंड असेल तर लगेच स्टार्टर दाबत नाहीत. 14 सिलिंडर गोलाकार मांडलेले, त्यामुळे रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच इंजिन चालू केलं तर पिस्टनचा दांडा वाकायचा. म्हणून आधी माणसं पंख्याचं एकेक पातं हातानं ओढून फिरवतात. वाटेत कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं.