पदकासाठी शाळा सोडावीच लागते?

‘परदेशात खेळाडू घडवायचा तर शाळा सोडवतात, म्हणून त्यांना पदकं मिळतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पहाटे किटबॅगेत शाळेचा युनिफॉर्म कोंबून शिवाजी पार्कला येणाऱ्या मुलांच्या आईबाबांना तो पटतो, आणि ते साहजिकच आहे. त्यांची ओढाताण खरी आहे.

पण सगळे देश एका पद्धतीने चालत नाहीत. चीनमध्ये सरकारी क्रीडाशाळांत लहानपणापासून सराव चालतो. तिथे अभ्यास मागे पडला आणि निवृत्तीनंतर नोकरी मिळेना, असे अनेक खेळाडू आहेत. मेसेजमध्ये ही बाजू नसते. अमेरिकेत उलट आहे: विद्यापीठाच्या संघातून खेळायचं तर ठरावीक गुण राखावेच लागतात, नाहीतर मैदानाबाहेर. जर्मनीतल्या काही क्रीडाशाळांत शेवटची वर्षं लांबवून परीक्षा देता येते. नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांचे क्रमांकसुद्धा लावत नाहीत, आणि जेमतेम ५५ लाख वस्तीचा हा देश हिवाळी ऑलिम्पिकच्या पदकतक्त्यात वरच्या टोकाला असतो.

पडताळायचं कसं? कोणत्याही अमेरिकन विद्यापीठाच्या वेबसाइटवर खेळाडूंसाठीचे पात्रतेचे नियम असतात, ते वाचा. मग आपल्या कोचना विचारा: दहा वर्षांपूर्वीच्या चौदा वर्षांखालच्या बॅचमधली किती मुलं आज खेळतात, आणि बाकीची काय करतात? माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. शाळेचा दाखला काढण्याआधी तो नक्की विचारा.