रूट सर्टिफिकेट नाही म्हणून अडणारा सेटअप : पार्श्वभूमी

पीएलसीचं (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) किंवा स्काडाचं (त्यांवर पडद्यावरून देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचं) सॉफ्टवेअर टाकताना सेटअप मध्येच थांबतो आणि सर्टिफिकेटची साखळी विश्वासार्ह रूटपर्यंत पोहोचत नसल्याचा संदेश येतो. प्रोग्रामवरच्या सहीच्या सर्टिफिकेटला वरच्या सर्टिफिकेटची हमी असते, आणि ही साखळी शेवटी ज्या मूळ सर्टिफिकेटवर थांबते ते रूट. पहिला संशय पेनड्राइव्हवर जातो. फाइल पुन्हा कॉपी केली जाते, संदेश तोच. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. कमी असतं ते मशीनमधलं रूट.

प्रोग्रामवर डिजिटल सही करण्याची सोय विंडोजमध्ये १९९६ पासून आहे. विंडोज एक्सपीच्या काळात रूट सर्टिफिकेटांचा अख्खा गठ्ठा अपडेट म्हणून मिळायचा. तो एकदा टाकला की नेट नसलं तरी अडत नसे. व्हिस्टापासून रीत बदलली : मशीनसोबत मोजकीच रूट्स द्यायची, बाकीची गरज पडेल तेव्हा नेटवरून गुपचूप उतरवायची. घरच्या संगणकावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शॉप फ्लोअरवरचं मशीन मात्र मुद्दाम नेटपासून तोडलेलं असतं. तिथे ती मागणी कुठेच पोहोचत नाही आणि अस्सल सहीसुद्धा परकी ठरते. ऑफलाइन मशीनसाठी जुना गठ्ठा चालू ठेवायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. नेटवरच्या मशीनवर सर्टयुटिल ही विंडोजची कमांड चालवून सगळी रूट्स एका फाइलीत उतरवता येतात, हे खरं. पण ती सोय विंडोज ७ ला २०१३च्या अपडेटने मिळाली, आणि अपडेटच न होणाऱ्या मशीनला तिचा काय उपयोग?

२०१०मध्ये औद्योगिक यंत्रणांवर हल्ला करणारा स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम उघडकीस आला. त्याच्या ड्रायव्हरांवर तैवानच्या दोन हार्डवेअर कंपन्यांची चोरलेली सर्टिफिकेटं वापरून सह्या केल्या होत्या. कारखान्यांची मशीन्स नेटपासून लांब ठेवण्याचा आग्रह त्यानंतर आणखी वाढला.

विंडोज ७ आली २००९मध्ये. डॉटनेट फ्रेमवर्क (अनेक प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा पाया) ४.७च्या सेटअपला लागणारं रूट २०११चं. कधीच अपडेट न झालेल्या मशीनमध्ये ते असणार कुठून? औद्योगिक सॉफ्टवेअरचे कितीतरी सेटअप आधी डॉटनेट टाकतात आणि तिथेच अडतात. शा-१ ही सहीची जुनी पद्धत सोडून शा-२ या नव्या पद्धतीच्या सह्या आल्यावर त्यात भर पडली. विंडोज ७ला त्या नीट ओळखण्यासाठी २०१९चं वेगळं अपडेट लागतं. तिथे नुसतं रूट टाकून भागत नाही.

रूट टाकतानाही एक जागा हमखास चुकते. विंडोज ७वर सर्टिफिकेटच्या फाइलवर डबल-क्लिक करून ते टाकलं, तर ते लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात जातं. सॉफ्टवेअरचा पार्श्वभूमीत सर्व्हिस म्हणून चालणारा भाग पाहतो संगणकाच्या खात्यात, आणि तिथे ते नसतं. एमएमसी (विंडोजमधला व्यवस्थापनाचा कन्सोल) उघडून, सर्टिफिकेट्समध्ये 'कॉम्प्युटर अकाउंट' निवडून, 'ट्रस्टेड रूट'मध्येच ते टाकावं लागतं. त्याच यादीत मुदत संपलेली रूट्स दिसतात, ती उडवू नयेत. विंडोजच्याच एका जुन्या रूटची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपली, तरी त्याआधी वेळेच्या शिक्क्यासह सही झालेल्या फाइली आजही त्याच्याच आधारावर तपासल्या जातात.