कूलर लागला की वायफाय का रेंगाळतं?

एप्रिल लागला की अकोला-चंद्रपूरकडच्या घरांत लोखंडी कूलर खिडकीत बसतो आणि त्याच सुमारास मागच्या खोलीतलं वायफाय रेंगाळू लागतं. आधी राउटरशेजारी उभं राहून वेग तपासा. तिथे तो भरपूर असेल, तर बाहेरची लाइन ठीक आहे; अडचण घरातच आहे.

घरगुती वायफाय साधारणपणे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटिमीटर असते. पत्रा या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. कूलरमध्ये पत्र्याची पेटी, भरलेली टाकी आणि भिजलेल्या ताट्या (गवताच्या जाळ्या), सगळंच एका जागी असतं. म्हणून राउटर आणि बसायची जागा यांच्या मधोमध कूलर येऊ देऊ नका. मातीच्या जाड भिंतीत 5 गिगाहर्ट्झ लवकर विरतं; ते सपरीपुरतं (पुढच्या पडवीपुरतं) ठेवा, मागच्या खोलीला 2.4 द्या. दोन्हींना वेगळी नावं दिली की फोन कुठे जोडलाय ते कळतं.

राउटर टिनाच्या छताला लागून टांगू नका. बहुतेक घरगुती राउटर 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात टिनाखाली पारा त्याच्या बराच वर जातो. मग तो मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो.

आता सेटिंग. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका, काही राउटरचा पत्ता 192.168.0.1 असतो, तो बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. वायरलेसमध्ये 2.4 चं पान उघडून चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली राउटरची जागा, ‘ऑटो’वरून काढा. बरेच राउटर सुरू होतानाच चॅनेल निवडतात, आणि गेलेली लाइट आली की आळीतले सगळे एकदमच सुरू होतात. त्या घाईतली निवड दिवसभर तशीच राहू शकते.

चॅनेल 1, 6 किंवा 11 यांतलंच घ्या. 1 आणि 6 वर गर्दी दिसते म्हणून मधलं 3 निवडणं ही नेहमीची चूक. लगतच्या चॅनेलांत अंतर 5 मेगाहर्ट्झच, पण एका राउटरला जागा लागते साधारण 20. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. 3 वरचा मात्र दोन्ही बाजूंना नुसता गोंगाट होतो, आणि त्यालाही गोंगाटच ऐकू येतो. चॅनेलची रुंदीही 20 मेगाहर्ट्झच ठेवा. 40 केली तर 2.4 चा जवळपास अर्धा पट्टा एकटा राउटर अडवतो.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए2 (पासवर्डची सुरक्षा पद्धत) आणि एईएस (माहिती गुप्त करायची रीत) निवडा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) बंद करा. सेव्ह केल्यावर वायफाय थोडा वेळ जातं. तेवढ्यात प्लग ओढू नका.

काही बिघडलंच, तर राउटरच्या मागच्या बारीक रीसेटच्या भोकात लगेच पिन घालू नका. रीसेट केलं की लाइनीचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि ते पुन्हा भरायला तालुक्याहून माणूस येईपर्यंत घर इंटरनेटविना राहतं. सेटिंगला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.