लाल दिव्याची मात्रा

अमेरिकेतल्या उपनगरांत किराणा, पिझ्झा आणि केशकर्तनाच्या दुकानांच्या रांगेतच कायरोप्रॅक्टरचा दवाखाना असतो. मान अवघडली, कंबर धरली की लोक तिथे जातात आणि कायरोप्रॅक्टर हातांनी मणक्याला नेमका झटका देऊन सांधा मोकळा करतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मराठी मंडळींनाही हे दवाखाने चांगले ओळखीचे आहेत. अलीकडे त्यांतल्या अनेकांत एक जादा खोली दिसते. आत लाल दिव्यांचं उंच पॅनेल असतं, नाहीतर माणूस आडवा मावेल अशी प्रकाशाची पेटी. पाठदुखी, थकवा, झोप, सुरकुत्या, पोटाचा घेर, सगळ्यावर हा उजेड चालतो असं जाहिरातीत लिहिलेलं असतं.

ही खोली का आली, याचं पहिलं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेला सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, कायरोप्रॅक्टरला फक्त हातांनी केलेल्या मणक्याच्या उपचाराचे पैसे देतो. मसाज, एक्स-रे, दिवे यांचे देत नाही. मधुमेहामुळे पायांतल्या नसा बधिर होतात, त्यावर किंवा जखमांवर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची उपकरणं वापरली तर त्याचे पैसे मिळणार नाहीत, असाही निर्णय २००६ मध्ये झाला. त्यामुळे प्रकाशाची सेवा बहुधा रोखीची असते. रुग्ण दहा-वीस वेळांचं पॅकेज घेतो, मदतनीस दिवा सुरू करून देतो आणि तेवढ्या वेळात डॉक्टरचे हात दुसऱ्या रुग्णासाठी मोकळे राहतात. यात गैर काही नाही, दवाखान्यालाही भाडं आणि पगार असतातच. मात्र रुग्ण स्वतःच्या खिशातून पैसे देतो तेव्हा त्याला नेमकं काय मिळतं, हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी वाढते.

प्रकाशाने उपचार होतात, याबद्दल शंका नाही. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते अनेक घरांनी पाहिलेलं असतं. तिथे सारं स्वच्छ आहे: साधारण ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो, बदललेला रेणू शरीराबाहेर सहज टाकला जातो आणि गुण आला की नाही हे रक्त तपासून कळतं.

लाल दिव्याची गोष्ट इतकी सरळ नाही. ती सुरू झाली बुडापेस्टमध्ये. १९६० मध्ये अमेरिकेत पहिला लेझर तयार झाला, तो रुबीचा. काही वर्षांतच एंड्रे मेस्टर या हंगेरियन डॉक्टरांनी, लेझरमुळे कर्करोग होतो का हे पाहण्यासाठी, उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे कमी शक्तीचा रुबी लेझर सोडून पाहिला. कर्करोग झाला नाही, पण प्रकाश पडलेल्या जागी केस लवकर उगवले. हे १९६७ च्या सुमाराचं. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरला आणि एका नव्या अभ्यासशाखेला तोंड फुटलं.

प्रकाश आत जाऊन करतो काय? सध्या सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवतं. तिथे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याच्या साखळीतली ही शेवटची कडी. लाल आणि त्याला लागून असलेला अवरक्त प्रकाश हे विकर शोषून घेतं, त्याचं काम वेगाने होतं आणि पेशीच्या दुरुस्तीला चालना मिळते, असा तर्क आहे. रशियन संशोधक टीना कारू यांनी यावर दीर्घकाळ काम केलं. या स्पष्टीकरणावर सगळ्या संशोधकांचं एकमत झालेलं नाही.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि दवाखान्यांत सर्वांत दुर्लक्षिलेली बाब म्हणजे मात्रा. प्रकाशाची मात्रा ज्यूलमध्ये मोजतात. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिवॉट प्रकाश पडत असेल, तर एका मिनिटात तिथे ६ ज्यूल ऊर्जा पोचते. प्रयोगांत वारंवार दिसलं आहे की फार कमी मात्रेने काहीच होत नाही, योग्य मात्रेने पेशींना चालना मिळते आणि त्याहून जास्त दिल्यास परिणाम ओसरतो किंवा उलटतो. पेरणीनंतरच्या पावसासारखं आहे हे, कमी पडला तर उगवत नाही आणि जास्त पडला तर कुजतं. म्हणून ‘आमचा दिवा सर्वांत शक्तिशाली’ ही जाहिरात रुग्णाला उपयोगाचं काही सांगत नाही. शिवाय पॅनेलपासून दोन पावलं मागे उभं राहिलं की मात्रा बदलते. दवाखान्याने स्वतः मोजलं नसेल, तर आपण काय देतो आहोत हे त्यालाही ठाऊक नसतं.

दुसरा प्रश्न प्रकाश शरीरात किती खोल जातो याचा. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरून पाहा. बोटं लालबुंद दिसतात, कारण हिरवा आणि निळा प्रकाश रक्ताने शोषला जातो आणि लाल तेवढा पार होतो. पण आतलं हाड दिसत नाही, कारण पार झालेला प्रकाश वाटेत सगळीकडे विखुरलेला असतो. साधारण ६०० ते १,१०० नॅनोमीटरचा प्रकाश शरीरात त्यातल्या त्यात खोल जातो, तरीही त्याचा मोठा भाग पहिल्या काही मिलिमीटरांतच संपतो. बोटाचा सांधा, मानेचे वरचे स्नायू, घोट्यामागची जाड शीर (अकिलीज टेंडन) इथे तो पुरेसा पोचू शकतो. कमरेच्या मणक्यांमधली चकती मात्र स्नायू आणि चरबीच्या कित्येक सेंटिमीटर आत असते. भिंतीवरच्या पॅनेलने ती बरी होईल हा दावा भौतिकशास्त्रच अवघड करतं.

चाचण्यांचं चित्रही याला जुळतं. मानदुखीसाठी लेझर वापरलेल्या १६ नियंत्रित चाचण्यांचा आणि त्यांतल्या ८२० रुग्णांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जुनाट मानदुखीत, १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर, वेदना सरासरी सुमारे २० मिलिमीटरने उतरली आणि काही चाचण्यांत हा आराम २२ आठवड्यांपर्यंत टिकला. तिथे ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश एकेका बिंदूवर काही ज्यूल इतकाच दिला होता. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे खरा आणि खोटा लेझर रुग्णाला ओळखता येत नाही आणि मनाच्या समजुतीचा परिणाम वेगळा काढता येतो. चकचकीत लाल पेटीत झोपलेल्या माणसावर अशी चाचणी करणं फार कठीण आहे. कंबरदुखीवर, चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात ७ छोट्या चाचण्या होत्या आणि त्यांवरून कोणत्याही बाजूने निष्कर्ष काढता आला नाही. सर्वांत भक्कम पुरावा तर कायरोप्रॅक्टरच्या दारापासून दूर, कर्करोगाच्या रुग्णालयांत आहे. केमोथेरपी आणि किरणोपचारांमुळे तोंडात होणारे असह्य व्रण टाळण्यासाठी या प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत केली आहे.

मग ‘एफडीएची मान्यता’, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची मान्यता, असं लिहिलेलं असतं त्याचं काय? अशी बहुतेक उपकरणं बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणासारखीच आहेत, एवढं दाखवून परवानगी मिळवतात. अनेक दिव्यांची परवानगी स्नायू आणि सांध्यांच्या किरकोळ दुखण्यात तात्पुरता आराम, एवढ्यापुरतीच असते. झोप, वजन आणि ‘डिटॉक्स’ हे शब्द जाहिरात लिहिणाऱ्याने जोडलेले असतात. २०२० मध्ये फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वेदनाशमनाचे पुराव्याविना दावे करणाऱ्या एका प्रकाश-उपकरणाच्या विक्रेत्यांवर कारवाईही केली.

ही सेवा प्रामाणिकपणे देता येते, असं मला मनापासून वाटतं. कायरोप्रॅक्टरने मानदुखीपासून सुरुवात करावी, तरंगलांबी आणि ज्यूल केसपेपरवर लिहावेत, प्रत्येक वेळी दुखणं शून्य ते दहामध्ये विचारून नोंदवावं आणि पाच-सहा वेळांत फरक नसेल तर उरलेल्या पॅकेजचे पैसे परत करावेत. अर्ध्या वॉटच्या वरचे लेझर चौथ्या वर्गात मोडतात. त्यांचा परावर्तित किरणही डोळ्याला इजा करू शकतो, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला त्या तरंगलांबीचा चष्मा हवाच. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन जास्त प्रकाश शोषतं आणि त्वचा लवकर तापते, तेव्हा आपल्या लोकांवर असा लेझर वापरताना शक्ती कमी ठेवावी लागते. कर्करोगाची शंका असलेल्या गाठीवर आणि गरोदर स्त्रीच्या पोटावर हा प्रकाश देऊ नये. प्रकाशाला त्वचा संवेदनशील करणारी औषधं चालू आहेत का, हे आधी विचारावं. आणि कंबरदुखीबरोबर पायांत बळ राहिलं नसेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर दिवा लावूच नये. त्या रुग्णाला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं, कारण तिथे नसांवरचा दाब शस्त्रक्रियेने लवकर काढला नाही तर तो ताबा कायमचा जाऊ शकतो.