जुन्या पिकअपसाठी स्पार्क प्लगची निवड

पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क), कंडेन्सर, कॉइल (व्होल्टेज वाढवणारे गुंडाळे) आणि डिस्ट्रिब्यूटर (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा भाग) यांवर ठिणगी पडणाऱ्या जुन्या पेट्रोल पिकअपला कोणता प्लग बसवावा, हे ठरवण्याची रीत. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातल्या अनेक जीप आणि मागे हौदा असलेल्या गाड्यांना चार सिलिंडरचे, २१९९ घनसेंमी.चे हरिकेन इंजिन असे. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात अशी गाडी दिसली तर बॉनेट उघडून इंजिन मूळचेच आहे का, हे आधी पाहावे. अनेक जुन्या जीपना पुढे डिझेल इंजिन चढवले गेले, आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. तिथे असतो तो हीटर प्लग, त्याचे काम निराळे.

प्लग घेताना सर्वांत आधी आट्यांचा व्यास आणि आट्यांच्या भागाची लांबी जुळली पाहिजे. व्यास बहुतेक १४ मिमी. असतो. लांबी मात्र ९.५, १२.७ किंवा १९ मिमी. अशी बदलते, आणि दुकानदाराने ‘हा पण बसतो’ म्हणून दिलेला प्लग नेमका इथेच घात करतो. लांब प्लगचे टोक सिलिंडरमध्ये जास्त आत जाऊन पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकते. उघड्या राहिलेल्या आट्या तापून लाल झाल्या तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटते. आखूड प्लग लावला तर हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) रिकाम्या आट्यांत काजळी घट्ट बसते आणि पुढे बरोबर मापाचा प्लगही आत जात नाही. म्हणून जुना प्लग खिशात घालूनच दुकानात जावे.

दुसरी गोष्ट उष्णता-अंकाची. प्लगच्या आतली पांढरी चिनी मातीची नळी लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत सावकाश पोहोचते. तो ‘गरम’ प्लग. नळी आखूड असली की तो ‘थंड’. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० अंशांच्या पुढे गेले तर अकाली पेट घेण्याचा धोका असतो. अंकांची भाषा कंपनीगणिक उलटी आहे. एनजीकेमध्ये अंक वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये अंक वाढला की गरम. बॉशचा ८ काढून एनजीकेचा ८ बसवणे हा तुलनेचा मार्गच नव्हे. त्यासाठी कंपनीचा जुळणीचा तक्ताच पाहावा लागतो.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून ‘उन्हाळ्यासाठी थंड प्लग टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. सिलिंडरच्या आतल्या ज्वाळेपुढे बाहेरचे दहा-पंधरा अंश किरकोळ आहेत. जळगाव-भुसावळ रस्त्यावर दुपारी गाडी गुदमरून बंद पडते आणि तासाभराने सावलीत आपोआप सुरू होते, तेव्हा बहुधा तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असते किंवा जुनी कॉइल गरम होऊन कमजोर झालेली असते. नवा प्लग टाकून यातले काहीच बरे होत नाही. मात्र सातपुड्याच्या चढावर हौदा भरून रोज चढणाऱ्या गाडीला एक पायरी थंड प्लग लावण्याला अर्थ आहे.

खरा निकाल जुन्या प्लगच्या तोंडावर लिहिलेला असतो. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून लगेच बंद करावी, प्लग काढावा आणि उजेडात धरावा. टोक फिकट तपकिरी, कोरडे असेल तर प्लग आणि कार्ब्युरेटर दोन्ही बरोबर. मऊ काळी पूड म्हणजे पेट्रोल जादा किंवा प्लग फार थंड. ओला, तेलकट काळा थर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागल्यावर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे पांढरेपण येऊ शकते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्याचा इलाज जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बदलण्यात आहे, प्लगमध्ये नाही.

गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावा. हरिकेन इंजिनला तो ०.७६ मिमी. आणि पॉइंटचा ०.५ मिमी. पॉइंटच्या व्यवस्थेचे व्होल्टेज आधुनिक इलेक्ट्रॉनिक इग्निशनपेक्षा कमी, त्यामुळे गॅप वाढवला की चढावर गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकते. अशा गाडीला तांब्याच्या गाभ्याचा साधा निकेल प्लग पुरतो. इरिडियमचा प्लग जास्त दिवस टिकतो, पण थकलेल्या इंजिनात तो ताकद घालत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा सीएनजी किट बसवले असेल तर मात्र ‘आर’ अक्षराचा, म्हणजे आत रोध असलेला प्लग घ्यावा. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून तिथे गॅप किट बनवणाऱ्याने सांगितला तेवढाच ठेवावा.

बसवताना इंजिन थंड असावे आणि प्लगच्या खळग्यातली धूळ आधी हवेने उडवावी. शेतरस्त्यावरची माती एकदा सिलिंडरमध्ये पडली की ती भिंत खरवडते. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून मगच पाना लावावा आणि नव्या वॉशरला साधारण अर्धा फेरा द्यावा. वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या एकेक करूनच काढाव्यात. हरिकेन इंजिनात सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम १-३-४-२ आहे.